डोकेदुखीच्या मिश्र गोळ्या : मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारी चारच्या सुमाराला आमच्या ठाण्यातल्या मेडिकलवर एक वेगळीच गर्दी होते. ताप नाही, खोकला नाही, नुसतं "डोकं धरलंय, एक गोळी द्या". गोखले रोडच्या दुकानांतली मुलं, बँकेतल्या ताई, ऐरोलीला नाइट शिफ्ट करून उशिरा उठलेली आयटीवाली मंडळी, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटलेले रिक्षावाले. सगळ्यांना गोळीचं नाव तोंडपाठ असतं. तिच्या पोटात काय आहे, ते शंभरात चार जण विचारतात. त्या चौघांचे प्रश्न आणि बाकीच्यांनी विचारायला हवे होते असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमचं बीपी, तुमची किडनी, तुमच्या चालू गोळ्या तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असतात, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

मिश्र गोळी म्हणजे नक्की काय?

एका गोळीत दोन, तीन, कधी चार औषधं. स्ट्रिप उलटी करा. मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सॅरिडॉनच्या मागे प्रोपीफेनाझोन १५०, पॅरासिटामॉल २५० आणि कॅफिन ५० मिलिग्रॅम दिसेल. कॉम्बिफ्लॅममागे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे "मी एकच गोळी घेतली" हे बोलायला बरोबर आहे, हिशेबाला नाही.

ढोबळमानाने यांची चार घराणी आहेत. पॅरासिटामॉल आणि कॅफिनची जोडी. पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं पेनकिलर. अर्धशिशीसाठी पेनकिलर आणि उलटी थांबवणारं औषध, उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन आणि डॉम्पेरिडोन. आणि चौथं, जरा तापट घराणं, एर्गोटामिनवाल्या गोळ्यांचं. त्याच्याकडे पुढे येऊ.

गोळीला कसं कळतं की डोकंच दुखतंय?

नाही कळत. गोळी पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते. गुडघा दुखत असता तर तिथेही हेच झालं असतं. त्यातलं थोडंसं दुखणाऱ्या जागी कामाला येतं. बाकीचं जठर, किडनी, यकृत अशा जागी जातं जिथे त्याला कुणी बोलावलेलं नसतं. साइड इफेक्ट म्हणतात ते बरंचसं हेच.

गंमत म्हणजे मेंदूला स्वतःला वेदना जाणवतच नाही. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या, मान आणि टाळूचे स्नायू आणि या सगळ्याची खबर पोचवणाऱ्या नसा. कुठेही इजा झाली किंवा दाह झाला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि नसांना हळवं करतात. मग एरवी न जाणवणारा ठोकाही ठणका वाटतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही मंडळी प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात. ॲस्पिरिन १८९७ सालापासून माणसाला माहीत होतं, पण ते असं चालतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्या कामासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाऊणशे वर्षं लोक ती गोळी कशी चालते हे न कळताच घेत होते.

पॅरासिटामॉलची चाल निराळी आहे. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं, दुखणं आणि ताप दोन्ही उतरवतं, पण सुजेवर त्याचा फारसा जोर नाही. म्हणून ते पोटाला सोसतं. आणि म्हणूनच त्याची जोडी आयब्युप्रोफेनशी लावतात. दोघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे दोघांचा परिणाम एकमेकांत मिळतो.

त्यात कॅफिन कशाला? एक कटिंग मारला तर भागणार नाही का?

माझ्या आवडीचा प्रश्न. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की सुस्ती येते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. कॅफिनचा आकार त्याच्याशी जुळतो. लोकलमध्ये कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवावी, तसं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून ठेवतं. रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, तरतरी येते, आणि सोबतच्या पेनकिलरचा असरही वाढतो.

किती वाढतो? अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की पेनकिलरसोबत १०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅफिन असेल, तर शंभरांपैकी आणखी पाच ते दहा जणांना चांगला आराम पडतो. फायदा खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा चमत्कार नाही. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत ५०च मिलिग्रॅम असतं.

एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, मग साधी पॅरासिटामॉल आणि कपभर चहा हेही एक मिश्रणच झालं. चालतं. उलट चहात किती गेलं ते तुम्हाला कळतं तरी. अडचण दुसरीकडे आहे. दिवसाला सहा चहा, वर कॅफिनच्या दोन गोळ्या, आणि रात्री अकराला "ताई, झोपेची काहीतरी साधी गोळी आहे का?" कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाच-एक तास लागतात. संध्याकाळी सहाची गोळी अकराला अर्धी शिल्लक असते. धडधड, हात थरथरणं, ॲसिडिटी, चिडचिड हेही त्याचेच प्रताप.

जाता जाता उपासाबद्दल. संकष्टीला किंवा श्रावणी सोमवारी दुपारी डोकं दुखायला लागतं, आणि लोक म्हणतात पित्त झालं. रिकामं पोट हे कारण असतंच. पण ज्यांनी उपासाला चहाही सोडलेला असतो, त्यांचं डोकं कॅफिन न मिळाल्यानेही धरतं. नेहमीचा चहा तुटला की १२ ते २४ तासांत हे दुखणं सुरू होतं. त्यावर कॅफिनवाली गोळी घेतली की उतरणारच, आणि माणसाला वाटतं काय जबरदस्त गोळी आहे!

साधं डोकं दुखतंय. एक औषध घ्यावं की मिश्रण?

आधी एक. दिवसभराच्या ताणाने, उन्हाने, जागरणाने दुखणाऱ्या डोक्याला मोठ्या माणसासाठी ५०० ते १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि अर्धा तास अंधारी खोली बहुतेक वेळा पुरते. एकच औषध घेतलं की पुरळ आलं, पोट बिघडलं तर दोष कुणाचा ते लगेच समजतं. तिघांना एकदम आत घेतलं की चोर सापडत नाही.

मिश्रणाला अर्थ आहे तो एकट्याने भागत नाही हे कळल्यावर. अर्धशिशीत ते खासकरून लागू पडतं, कारण त्यात पोटाचं कामच मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. उलटीचं औषध पोटाला पुढे ढकलतं आणि पेनकिलर वेळेवर पोचतं. असं कारण असलेलं मिश्रण मला पटतं. "तीन आहेत म्हणजे स्ट्राँग असेल" हे कारण नाही.

सॅरिडॉनवर बंदी आली होती ना? मग अजून मिळते कशी?

आली होती, पण थोड्या दिवसांपुरती. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, त्या यादीत हे मिश्रणही होतं. महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्याची विक्री सुरू ठेवायला परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते यादीतून वगळलं गेलं. हे मिश्रण १९८८ च्या आधीपासून बाजारात आहे आणि एवढ्या जुन्या मिश्रणांचा विचार वेगळा व्हायला हवा, तो मुद्दा त्यात होता. त्या आठवड्यात मात्र काउंटरवर मजा होती. निम्मी गिऱ्हाइकं म्हणत होती, "इतकी वर्षं विष दिलंत?" आणि निम्मी म्हणत होती, "बंद व्हायच्या आधी चार स्ट्रिप द्या."

बंदी येते ती बहुतेक वेळा मिश्रणावर, त्यातल्या प्रत्येक औषधावर नाही. जून २०२३ मध्ये निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉलच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या बंद झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणं गेली. त्यांत ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही जोडी होती, पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं पेनकिलर), टॉरिन आणि कॅफिन हे चौघांचं कडबोळंही होतं. १०० आणि ३२५ ची ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल त्या नोंदीत नव्हती, म्हणून ती दिसते. आकडे वेगळे म्हणजे कायद्याच्या लेखी गोळीच वेगळी.

जुन्या लोकांना एपीसीची गोळी आठवत असेल. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन. जगभर घराघरांत होती. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या, फेनासेटिनकडे बोट गेलं आणि ते औषध बाजारातून उठलं. गंमत अशी की फेनासेटिनचं शरीरात जे होतं, ते बहुतांशी पॅरासिटामॉलच. नातू टिकला, आजोबा गेले. सॅरिडॉनमधल्या प्रोपीफेनाझोनचाही असाच एक बदनाम नातलग होता, अमिडोपायरिन. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटायच्या. प्रोपीफेनाझोन स्वतः क्वचितच त्रास देतं, पण ज्यांना देतं त्यांना ॲलर्जीचा जोरदार फटका बसू शकतो. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप लागणं. एकदा झालं असेल तर पुन्हा ती गोळी नाही.

पॅरासिटामॉल तर लहान मुलांनाही देतात. त्यात काय घाबरायचं?

मापात असेल तर नाहीच घाबरायचं. पण मिश्र गोळ्यांत ते लपून बसतं, खरी गोची तिथे आहे. मागच्या पावसाळ्यातली एक यादी सांगते. एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या आसपास, सर्दी-ताप-डोकेदुखी. तापासाठी ६५० ची गोळी तीनदा, म्हणजे १९५०. अंगदुखीला आयब्युप्रोफेनवालं मिश्रण तीनदा, त्यातलं पॅरासिटामॉल ९७५. सर्दीची गोळी दोनदा, तिच्यात ५००, म्हणजे १०००. मी पावतीच्या मागे बेरीज करून दाखवली: ३९२५. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. त्यांनी तीन वेगवेगळ्या आजारांवर तीन वेगवेगळी औषधं घेतली होती, त्यांच्या समजुतीप्रमाणे. वजन ५० किलोच्या खाली असेल, रोज दारू असेल, कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते.

यकृत पॅरासिटामॉलचा निकाल लावताना थोडं विषारी द्रव्य तयार होतं. नेहमी ग्लुटाथायोन नावाचा साठा ते निष्प्रभ करतो. डोस जास्त झाला की साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरतात. फसवी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत बोलू लागतं. एन-ॲसिटाइलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून चुकून जास्त गेल्याचा संशय आला तर "बरं वाटतंय" म्हणून घरी बसायचं नाही.

आणि हो, अमेरिकेतून मुलगा-सून डबा भरून गोळ्या आणतात, त्यांच्यावर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असतं. ते पॅरासिटामॉलच. तिकडच्या एक्सेड्रिनमध्ये ते २५०, ॲस्पिरिन २५० आणि कॅफिन ६५ असतं. वर इकडची गोळी घेतली की दोन देशांचा डोस एका पोटात.

आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी पोट का जळतं?

प्रोस्टाग्लँडिन दुखणं वाढवतं हे खरं, पण जठराच्या आतल्या अस्तराची राखण तेच करतं आणि किडनीकडचा रक्तपुरवठाही तेच सांभाळतं. गोळी दोन्हीकडचं अडवते. मग जळजळ, कधी अल्सर, कधी न दिसणारा रक्तस्राव. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे परिच्छेद वगळू नयेत. ही पेनकिलर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी बीपीची गोळी, तिच्यासोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयब्युप्रोफेन, असे तीन एकत्र आले की किडनीवर तिहेरी मार बसतो. उन्हाळ्यात घाम गाळून आलेला माणूस, पाणी कमी प्यायलेला, तर आणखीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अल्सर होऊन गेला असेल, किडनीचा आजार असेल, ॲस्पिरिनने दमा उसळत असेल, तर काउंटरवरून यातलं काही मागू नका. मी देणारही नाही. भांडण झालं तरी चालेल.

पावसाळ्यात ताप आणि डोकं दोन्ही आहे. कॉम्बिनेशनची द्या की!

नाही. जुलै ते ऑक्टोबर ठाणे-नवी मुंबईत ताप आणि डोळ्यांमागे ठणकणारं डोकं म्हणजे डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डेंग्यूच समजायचं. त्यात प्लेटलेट घटतात. ॲस्पिरिन प्लेटलेटना निकामी करतं, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकही रक्तस्रावाचा धोका वाढवतात. साधं पॅरासिटामॉल, पाणी, रक्ततपासणी. बस. तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर पुढच्या काही दिवसांत ताप आला असेल, तर लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस) शंका धरा. तो किडनीला धरतो. तिथेही ही पेनकिलर नकोत.

अर्धशिशीची ती गोळी चिठ्ठीशिवाय का देत नाही?

कारण ती चार जणांची टोळी आहे. व्हॅसोग्रेनच्या मागे बघा: एर्गोटामिन १, कॅफिन १००, पॅरासिटामॉल २५०, प्रोक्लोरपेराझिन २.५ मिलिग्रॅम. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आकसवतं, फक्त डोक्यातल्या नाही, हातापायांच्या आणि हृदयाच्याही. हृदयविकार, न आटोक्यात आलेलं बीपी, पायांतला रक्तपुरवठा कमी असणं, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर ते वर्ज्य आहे.

त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं किंवा काही फंगसची औषधं चालू असताना एर्गोटामिन शरीराबाहेर पडत नाही, साचतं. बोटं गार पडतात, निळी पडतात, मुंग्या येतात, टोकाला गेलं तर बोट गमवावं लागतं. घसा खराब म्हणून एका डॉक्टरांकडून अँटिबायोटिक आणि डोक्यासाठी जुन्या चिठ्ठीवर ही गोळी, अशी गाठ सहज पडू शकते. सुमाट्रिप्टानसारखी अर्धशिशीचीच औषधं (ट्रिप्टान) आणि ही गोळी यांच्यामध्येही २४ तासांचं अंतर लागतं.

प्रोक्लोरपेराझिन उलटीला छान, पण झोप आणतं. आणि क्वचित, विशेषतः तरुण मुलींमध्ये, मान एका बाजूला वळून अडकते, जबडा आखडतो, डोळे वर जातात. घरचे हादरतात, कुणी बाहेरची बाधाही म्हणतं. बाधा नाही, औषधाचा परिणाम आहे. दवाखान्यात एका इंजेक्शनने उतरतो.

रोज घेतली तर सवय लागते का?

दारूसारखी नाही. पण डोक्याला लागते. हे मी पुस्तकातून नाही, स्वतःवरून सांगते.

दुकान मोठं केलं त्या वर्षी कर्जाचा घोर होता आणि गोळ्या हाताशी. दुपारी चारला डोकं जड व्हायचं, चहाबरोबर कॅफिनवाली एक गोळी घ्यायचे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. मग रोज. रविवारी दुकान अर्धा दिवस, तर त्या दिवशी गोळी राहून जायची आणि संध्याकाळी तलावपाळीवर मुलांसोबत भेळ खाताना डोकं असं ठणकायचं की दिवे नको व्हायचे. मी उन्हाला दोष दिला, चष्म्याचा नंबर बदलला. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी एकच काम सांगितलं: कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी फुली मारा. महिन्याच्या शेवटी भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. २६ फुल्या. रविवारच्या चौकटी तेवढ्या रिकाम्या, आणि दुखणं नेमकं तिथेच.

याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या निकषात ती अशी बसते: महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, आणि मिश्र गोळ्या, एर्गोटामिन किंवा ट्रिप्टान महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ चालू आहेत. साध्या एकेरी पॅरासिटामॉलला किंवा आयब्युप्रोफेनला ही मर्यादा १५ दिवसांची आहे. मिश्र गोळीला दहाच दिवस मिळतात. हा फरक फार थोड्यांना माहीत असतो. आणि मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी दोन घेतल्या तरी फुली एकच.

उपाय म्हणजे थांबवणं. पहिला आठवडा-दहा दिवस वाईट जातात. दुखणं वाढतं, मळमळतं, झोप उडते. माझ्या घरच्यांनी त्या दिवसांत माझ्याशी बेताचंच बोलून शहाणपणा केला. डॉक्टरांनी मध्ये टेकू म्हणून वेगळं औषध दिलं. सहा-सात आठवड्यांनी चार वाजून गेले आणि डोकं आठवलंच नाही, असा दिवस आला. एर्गोटामिन, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील, तर मात्र स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. ते डॉक्टरांच्या नजरेखाली.

गरोदर आहे, अंगावर पाजतेय, मूल लहान आहे. काय चालेल?

गरोदरपणात एकेरी पॅरासिटामॉल, गरजेपुरतं, तेही डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन घराण्यातलं काही विसाव्या आठवड्यानंतर नको, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. एर्गोटामिन कधीच नको. पाजणाऱ्या आईलाही एर्गोटामिन आणि ॲस्पिरिन नको. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन चालतं.

सोळा वर्षांखाली ॲस्पिरिन नाही, रे सिंड्रोम या गंभीर आजाराचा धोका असतो. बारा वर्षांखाली निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून बंदी आहे. आणि मोठ्यांची मिश्र गोळी अर्धी तोडून मुलाला देणं हा डोस नव्हे, अंदाजपंचे आहे. मुलांचं पॅरासिटामॉल वजनावर ठरतं.

रिकाम्या पोटी घेतली तर?

नुसतं पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, नॅप्रोक्सेन असेल तर दोन बिस्किटांवर तरी घ्या, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली म्हणजे किडनी वाचली असं नसतं. ती फक्त जठराचं बघते.

रात्री पार्टी, सकाळी डोकं. तेव्हा?

पाणी, मीठ-साखर-लिंबू. दारूने जठर आधीच सोललेलं असतं, त्यावर ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन म्हणजे जखमेवर मीठ. रोज पिणाऱ्यांनी पॅरासिटामॉलही विचारून.

गोळी घेऊन गाडी चालवली तर चालेल?

नुसत्या पॅरासिटामॉल-कॅफिनने झोप येत नाही. प्रोक्लोरपेराझिन असलेली अर्धशिशीची गोळी किंवा सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन घेऊन मात्र माजिवड्याच्या पुलावर बाइक काढू नका.

कोणत्या डोकेदुखीला गोळी घेत बसायचंच नाही?

क्षणात, वीज पडल्यासारखं सुरू झालेलं, आयुष्यातलं सर्वांत भयंकर दुखणं. तापासोबत मान आखडणं. बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, दुहेरी दिसणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. गरोदर बाईचं अचानक दुखणं, त्यातून डोळ्यांपुढे चमकत असेल तर. यांत गोळीने घटकाभर आराम पडला तर तोच घात करतो. १०८ फिरवा, रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नका.

गोळीने त्रास झाला तर सांगायचं कुणाला?

आधी डॉक्टरांना. आणि तो नोंदवायचाही असतो. भारत सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, सामान्य माणूसही फोन करू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाळीच्या दुखण्यात सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा आला, तो अशाच नोंदींवरून. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा, अशी ती गंभीर ॲलर्जी होती. आमच्याकडे ती गोळी डोकेदुखीलाही मागतात.

दोन गोळ्या कापून द्या ना, अख्खी स्ट्रिप काय करू?

देते, पण एक अडचण असते. नाव, घटक, मुदत हे सगळं स्ट्रिपवर एकदाच छापलेलं असतं, बहुतेक वेळा एका टोकाला. कात्री चालवली की तुमच्या हाती दोन कोऱ्या चांदीच्या चौकोनी कपच्या येतात. सहा महिन्यांनी पर्सच्या तळाशी सापडलेली ती कपची कशाची, कधी संपणारी, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी कापलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घालते आणि वर पेनने चार गोष्टी लिहिते: नाव, आत काय आहे, मुदत, आणि आजची तारीख. रांग लांब असली तर लोक वैतागतात. पाकीट हरवलेल्या कपच्या परत आणून दिल्यात तर मी त्या घेते आणि मुदत संपलेल्या मालाच्या डब्यात टाकते.